एका सेकंदाच्या उशिराची गोष्ट

सफरचंद कापून ठेवलं की थोड्याच वेळात तपकिरी पडतं. लिंबू मात्र पडत नाही. असं का? या साध्या प्रश्नाने एका हंगेरियन डॉक्टरला थेट नोबेलपर्यंत नेलं. त्याचं नाव अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी.

जन्म 1893चा, बुडापेस्टचा. मेडिकलला असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं आणि तो आघाडीवर गेला. तिथला रक्तपात बघून इतका उबगला, की 1916 मध्ये स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली, घरी परतला आणि डिग्री पूर्ण केली.

पुढे नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला त्याने वनस्पतींच्या रंगबदलाचा पिच्छा पुरवला. पेरॉक्साइड, पेरॉक्सिडेज हे एन्झाइम आणि बेंझिडीन एकत्र आलं की लगेच निळा रंग येतो. पण शुद्ध एन्झाइमऐवजी वनस्पतींचा रस वापरला, तर रंग यायला जेमतेम एक सेकंद उशीर व्हायचा. दुसऱ्या कुणी तिकडे काणाडोळा केला असता. याने ओळखलं, की रसातलं काहीतरी स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन ऑक्सिडेशन थोपवतंय.

केंब्रिजला त्याने तो पदार्थ वेगळा काढला. ही साखर कुठली, हे ठाऊक नसल्याने गमतीत ‘इग्नोज’ असं नाव दिलं. संपादकांनी ते नाकारल्यावर ‘गॉडनोज’ सुचवलं, म्हणजे देव जाणे! शेवटी 1928 मध्ये ‘हेक्झ्युरोनिक ॲसिड’ या नावाने पेपर छापून आला. पुढे हंगेरीतल्या सेगेडला कळलं, की हेच व्हिटॅमिन सी. पण प्रयोगांना पुरेसं आणायचं कुठून? एका रात्री बायकोने जेवणात ताजी पाप्रिका मिरची वाढली. खायचा मूड नव्हता, म्हणून पठ्ठ्या ती घेऊन लॅबमध्ये गेला. मध्यरात्रीपर्यंत उत्तर मिळालं: मिरचीत खजिनाच होता. काही आठवड्यांत किलोभराहून जास्त व्हिटॅमिन हाती आलं. 1937 मध्ये नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढे आहे. त्याच्या परीक्षानळीतली जोडी आपल्या रक्तातही निघाली. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी जंतू गिळते, तेव्हा ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनवते. तिच्यातलं पेरॉक्सिडेज त्यापासून ब्लीचसारखं जहाल रसायन तयार करतं. जंतू मरतो, पण या आगीत पेशी स्वतःही होरपळू शकते. म्हणूनच ती रक्तद्रवापेक्षा कितीतरी पट जास्त व्हिटॅमिन सी साठवून ठेवते.

म्हणजे ऑक्सिडेशन व्हिलन नाही आणि अँटिऑक्सिडंट हिरो नाही. काही मुलांमध्ये ही आग पेटवणारं एन्झाइम जन्मतःच बिघडलेलं असतं. त्यांना वारंवार गंभीर इन्फेक्शन होतात. उलट व्हिटॅमिन सी अजिबात मिळालं नाही तर स्कर्व्ही होतो. मजा आहे ती तोल सांभाळण्यात. त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत ‘इम्युनिटी’साठी गोळ्यांची पाकिटं रिकामी करण्याआधी विचार करा. रोज व्हिटॅमिन सी घेतल्याने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आटोपते. गरजेपुरतं सी पेरू, आवळा, मिरचीतून सहज मिळतं.

दुसऱ्या महायुद्धात सेंट-ग्यॉर्गी नाझींविरुद्ध उभा राहिला, लपूनछपून जगला. नंतर अमेरिकेत स्थायिक झाला आणि 1986 मध्ये वारला. तोवर संशोधन चालूच होतं. एका सेकंदाचा उशीर त्याच्या नजरेतून सुटला नाही, म्हणून आपली पांढरी पेशी आग कशी पेटवते आणि कशी आवरते, हे समजण्याची वाट मोकळी झाली.