दुय्यम पदावरील पायाभरणी

स्वतंत्र भारताच्या भूदलाला जानेवारी १९४९ मध्ये करिअप्पांच्या रूपाने पहिला भारतीय सरसेनापती लाभला. वायुदलाला मात्र त्यासाठी एप्रिल १९५४ उजाडावा लागला. हा विलंब राष्ट्रीय स्वाभिमानाला उणेपणा आणणारा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांची कारकीर्द पाहिली म्हणजे त्याचा वेगळा अर्थ उलगडतो.

१९११ साली कलकत्त्यात जन्मलेल्या मुखर्जींनी इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षण घेतले आणि ऑक्टोबर १९३२ मध्ये ते अधिकारी झाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील द्रिघ रोड येथे भारतीय वायुदलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी होती अवघी चार वापिटी विमाने आणि मूठभर माणसे. १९३९ साली तिचेच नेतृत्व मुखर्जींकडे आले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. १९४३ मध्ये कोहाटच्या हवाई तळाचे आधिपत्यही प्रथमच त्यांच्या रूपाने भारतीयाकडे गेले.

स्वातंत्र्य आले तेव्हा या अग्रगण्य भारतीय अधिकाऱ्याचे वय होते ३६ आणि सेवा उणीपुरी १५ वर्षांची. त्यातच फाळणीने तळ, विमाने आणि माणसे यांची वाटणी झालेली. वायुदल म्हणजे केवळ वैमानिक नव्हेत. यंत्रज्ञ, संदेशवहन, हवामानशास्त्र, भांडारव्यवस्था यांवाचून विमान जमिनीवरून उठत नाही, आणि ही माणसे एका रात्रीत घडत नाहीत. एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज हे तीन ब्रिटिश अधिकारी लागोपाठ प्रमुखपदी राहिले. मुखर्जी दुय्यम पदावरून पाया रचीत राहिले. या व्यवस्थेची किंमत होतीच. काश्मीरचे युद्ध चालू असताना दोन्ही देशांच्या सेनादलांच्या शिरोभागी ब्रिटिशच होते, ही विसंगती कोणालाही खुपावी अशीच होती.

परंतु १ एप्रिल १९५४ रोजी सूत्रे हाती आल्यावर त्या पायाचे मोल दिसून आले. मिस्तेर, हंटर, कॅनबेरा ही जेट विमाने त्यांच्याच कारकिर्दीत दाखल झाली आणि दलाने ती पेलली. वापिटीपासून कॅनबेरापर्यंतचे हे अंतर एकाच अधिकाऱ्याच्या सेवाकाळात कापले गेले.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत भोजन करीत असता श्वासनलिकेत घास अडकून त्यांचा अंत झाला. वय अवघे ४९. त्यांच्या पत्नी, मराठी पंडित घराण्यातील शारदाबाई, पुढे आंध्र प्रदेश व गुजरातच्या राज्यपाल झाल्या. शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकामुळे मुखर्जींचे नाव आजही मुलांच्या ओठी आहे. विमाने विकत घेता येतात. ती चालविणारी, राखणारी माणसे मात्र घडवावीच लागतात. संरक्षणखरेदीची चर्चा करताना त्यांचे नाव आठवावे ते यासाठी.