क्लबचे दार उघडणारा गव्हर्नर

मुंबईच्या ताडदेव-हाजी अली परिसरातील विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबचे अठरा होलचे हिरवेगार मैदान ज्याच्या नावाने ओळखले जाते, तो लॉर्ड विलिंग्डन मुळात क्रिकेटपटू होता. फ्रीमन थॉमस हे त्याचे मूळ नाव. १२ सप्टेंबर १८६६ रोजी ससेक्समध्ये जन्मलेल्या या तरुणाने केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे नेतृत्व केले. पुढे दशकभर तो ब्रिटिश संसदेत होता आणि १९१३ मध्ये मुंबईचा गव्हर्नर म्हणून येथे आला.

गोल्फ हिंदुस्थानला नवा नव्हता. कोलकात्यात १८२९ पासून, तर मुंबईत १८४२ पासून गोल्फ क्लब होते. मात्र साहेबांच्या क्लबांत हिंदी माणसाला सभासद म्हणून स्थान नसे, मग तो संस्थानिक का असेना. वऱ्हाडात अंजनगाव सुर्जी येथे ३० डिसेंबर १८०३ रोजी याच इंग्रजांनी शिंद्यांच्या वकिलांसमोर बसून तह केला होता. शतकानंतर अशा घराण्यांच्या वारसांनाही क्लबचा उंबरठा वर्ज्य झाला. गव्हर्नरच्याच एका हिंदी पाहुण्याला क्लबात मज्जाव झाला आणि तो संतापला, अशी आख्यायिका आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. १९१८ मध्ये उभा राहिलेला नवा क्लब मात्र पहिल्यापासून हिंदी व युरोपीय अशा दोघांसाठीही खुला होता, हे निर्विवाद. अर्थात, हे हिंदी म्हणजे राजेरजवाडे आणि शेठसावकार. गिरणगावाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

खेळाच्या मैदानावर दाखवलेले हे औदार्य राजकारणात मात्र आटले. त्याच वर्षी, १० जून रोजी टाऊन हॉलमधील युद्ध परिषदेत लोकमान्य टिळक स्वराज्याच्या मुद्द्याकडे वळताच अध्यक्षस्थानी असलेल्या विलिंग्डनने त्यांना अडवले. टिळक सभात्याग करून बाहेर पडले. डिसेंबरमध्ये निरोपाच्या वेळी शहराच्या वतीने त्याचे स्मारक उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा बॅरिस्टर जिना व त्यांच्या सहकाऱ्यांनी सभाच उधळून लावली. स्मारक बारगळले. उलट लोकवर्गणीतून गिरगावच्या काँग्रेस हाऊसच्या आवारात जिनांच्या नावाचे सभागृह उभे राहिले!

मद्रासचे गव्हर्नरपद आणि कॅनडाचे गव्हर्नर जनरलपद भोगून १९३१ मध्ये तो व्हाइसरॉय म्हणून परतला. गोलमेज परिषदेहून आलेल्या गांधीजींनी भेट मागितली, ती त्याने नाकारली. ४ जानेवारी १९३२ रोजी मणिभवनातून त्यांना अटक करून येरवड्यास पाठवण्यात आले. देशभर वटहुकमांचे राज्य सुरू झाले.

१९३६ मध्ये तो मायदेशी गेला आणि १२ ऑगस्ट १९४१ रोजी लंडनमध्ये निधन पावला. दिल्लीतील विलिंग्डन विमानतळाचे पुढे सफदरजंग झाले. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाने व मुंबईच्या क्लबने मात्र त्याचे नाव अद्याप जपले आहे.