घरच्यांनी सोडलं, त्यांचं घर

वरोऱ्याच्या आनंद निकेतन कॉलेजात शिकणारा एखादा मित्र असेल, तर त्याला विचारा, हे कॉलेज कुणाच्या जमिनीवर उभं आहे? ज्यांना गावानं वेशीबाहेर काढलं, त्या कुष्ठरुग्णांच्या आनंदवनात!

त्यामागचा माणूस म्हणजे मुरलीधर देविदास आमटे, आपले बाबा आमटे. २६ डिसेंबर १९१४ला हिंगणघाटला जन्म. घरची जमीनदारी, हातात वकिली, शिकारीचा नाद. एका पावसाळी रात्री वरोऱ्यात रस्त्याकडेला तुळशीराम दिसला. कुष्ठरोगानं शरीर झडलेलं. बाबा घाबरून पळाले. पण ती भीतीच त्यांना डाचत राहिली. ते परत गेले आणि शेवटपर्यंत त्याची सेवा केली.

नुसत्या दयेनं भागणार नाही, हे त्यांना कळलं. म्हणून कोलकात्याला जाऊन त्यांनी या रोगाचं शास्त्र शिकून घेतलं. प्रयोगासाठी स्वतःच्या अंगात जंतूही टोचून घेतले. रोग झाला नाही! १९५१मध्ये खडकाळ माळावर आनंदवन सुरू झालं. सोबत साधनाताई, दोन लहान मुलं, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये.

खरी अडचण पुढे आली. औषधानं रुग्ण बरे व्हायचे, पण घरचे दार उघडायचे नाहीत. बहिणीचं लग्न मोडेल, लोक काय म्हणतील, ही धास्ती. त्या घरच्यांना दुष्ट म्हणून मोकळं होऊ नका. त्यांना कुणी नीट समजावलंच नव्हतं. बाबांनी भाषणं कमी दिली. बायको-मुलांसह तिथेच राहून दाखवलं. रुग्णांनी विहिरी खोदल्या, शेती पिकवली, संसार थाटले. १९७३मध्ये बाबांनी भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. ९ फेब्रुवारी २००८ला बाबा गेले.

आता हे आपल्यावर येतं. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग अजून संपलेला नाही. कायद्यालाही उशीरच झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण पार २०१९मध्ये रद्द झालं.

घरात कुणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. कोर्स सहा किंवा बारा महिन्यांचा. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत संसर्गाची भीती उरत नाही. वेळेत घेतलं तर बोटं झडत नाहीत. घरातल्या इतरांचीही तपासणी करून घ्या.

ताट, अंथरूण वेगळं करायची गरज नाही. आजी ऐकत नसेल, तर तिला पुस्तकी माहिती सांगत बसू नका. त्या माणसाच्या शेजारी बसा आणि जेवा. आजी बघेल.