आधी स्वतःशी मैत्री : धर्मानंद कोसंबी यांच्या जीवनातून

स्पर्धा परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आले, मुलाखतीत इंग्रजी अडखळले, सभेत माईक हातात आला आणि शब्दच सापडले नाहीत. अशा दिवशी आपले कितीतरी तरुण घरी येऊन स्वतःलाच शिव्या घालत बसतात. मी मठ्ठ आहे, माझ्याने काही होणार नाही, समाजासाठी इतरांनी किती केले आणि मी काय केले, असा हिशेब रात्रभर चालतो. चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही हे चुकलेले नाही. तो दिवसभर लोकांना धीर देतो आणि एकटा असला की स्वतःला तुच्छ लेखतो.

अशा प्रत्येकाने धर्मानंद कोसंबी यांचे जीवन समजून घ्यावे. पाली भाषेचे आणि बौद्ध धम्माचे आधुनिक काळातले मोठे अभ्यासक म्हणून आपण त्यांना ओळखतो. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ अनेकांच्या घरी असतो. पण हा विद्वान तरुणपणी स्वतःला अगदी निरुपयोगी समजत होता, हे फार थोड्यांना माहीत आहे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. घर सारस्वत ब्राह्मणाचे, पण खेड्यातले. उत्पन्न नारळीच्या बागायतीचे. मुलगा प्रकृतीने अशक्त होता आणि बुद्धीने मंद समजला जाई. शाळा थोडीच झाली, मग बागायतीची देखरेख अंगावर पडली. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झाले. पत्नी बाळाबाई तेव्हा लहानच होत्या. शिकायचे वय निघून चालले आहे, त्यात संसाराची बेडी पडली, ही खंत त्यांना आतून खाऊ लागली.

शिकण्यासाठी घराबाहेर पडण्याचे प्रयत्न त्यांनी केले. पण ते फसले आणि हा मुलगा पुन्हा घरी परतला. प्रत्येक परतीबरोबर स्वतःवरचा राग वाढत गेला. या काळात त्यांना तुकोबांच्या अभंगांनी आधार दिला. स्वतःचे दोष उघडपणे सांगणारा आणि तरीही न खचणारा हा संत त्यांना जवळचा वाटला.

१८९७ च्या सुमारास 'बालबोध' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धांवरचा एक लहानसा लेख वाचला. पुढे बुद्धांचे एक मराठी चरित्र हाती आले. एका मासिकातल्या दोन-चार पानांनी या तरुणाच्या आयुष्याला दिशा दिली. बुद्धांचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, मग त्यासाठी काहीही करावे लागो, एवढे त्यांनी ठरवले. अंगी विद्वत्ता आहे म्हणून त्यांनी हे ठरवले नव्हते. उलट आपल्याला संस्कृत येत नाही, इंग्रजी येत नाही, हाती पैसा नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आहे त्या स्थितीतून निघायचे, इतकेच त्यांनी केले.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. घरी पत्नी होती आणि काही महिन्यांची मुलगी माणिक होती. इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या प्रवासाची किंमत बाळाबाईंनीही मोजली. धर्मानंदांचे थोरपण सांगताना ते झाकून ठेवणे बरोबर नाही. आपल्या हातून कोणाला काय सोसावे लागले हे पाहणे आणि स्वतःला तुच्छ मानणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्याकडे पुढे येऊच.

ते आधी पुण्याला गेले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना भेटले आणि तेविसाव्या वर्षी, लहान मुलांनी शिकायचे संस्कृत शिकू लागले. तिथून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि शास्त्रीबुवांकडे पाठ घ्यायचे. १९०२ मध्ये बौद्ध धम्म पाहायला मिळेल या आशेने ते नेपाळला पोहोचले. तिथली धम्माची अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. पूर्वीचा धर्मानंद असता तर कदाचित इथूनच घरी परतला असता. या वेळी ते बोधगयेला आले, तिथून कलकत्त्याला आणि मग समुद्र ओलांडून श्रीलंकेला गेले.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले. तिथेच ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊन ते भिक्खू झाले. ज्याला लोक मंदबुद्धी म्हणत होते, तो आता पाली ग्रंथ मुळातून वाचत होता. बुद्धी अचानक वाढली असे काही घडले नव्हते. रोजच्या रोज थोडे थोडे पाठ होत गेले, एवढेच.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला परतले. पाली शिकवायची आणि आपल्या लोकांपर्यंत धम्म पोहोचवायचा, तर भिक्खूच्या नियमांत राहून ते जमणार नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी चीवर सोडले. अनेकांना हे अपयश वाटले असते. इतकी वर्षे घालवून शेवटी पुन्हा गृहस्थच झालो, म्हणून दुसरा कोणी आयुष्यभर कुढत बसला असता. धर्मानंदांनी आपली मर्यादा मान्य केली आणि आपल्याला जमेल त्या मार्गाने काम सुरू केले. बाळाबाईंबरोबरचा तुटलेला संसारही पुन्हा जोडला. १९०७ मध्ये मुलगा दामोदर झाला. हेच पुढचे थोर गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी.

कलकत्ता विद्यापीठात त्यांना महिना २५० रुपये पगार होता. पण मराठी माणसांना बुद्ध मराठीत कळावा, ही त्यांची तळमळ होती. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहिण्यासाठी महिना ५० रुपये देऊ केले. त्यांनी २५० सोडून ५० स्वीकारले. दुसऱ्याच्या पगाराशी, मानाशी, पदव्यांशी स्वतःला तोलणे थांबले की माणूस असा निर्णय घेऊ शकतो.

१९१० मध्ये ते अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम त्यांच्यावर सोपवले गेले. पाचव्या शतकातल्या आचार्य बुद्धघोषांचा हा ग्रंथ म्हणजे शील, समाधी आणि प्रज्ञेची सविस्तर वाटचाल. कोसंबींच्या आयुष्याची जवळपास तीस वर्षे या ग्रंथाच्या सोबतीत गेली.

या ग्रंथात आपल्या विषयाला धरून दोन गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट मेत्ताभावनेची. मैत्री कोणापासून सुरू करायची? बुद्धघोष सांगतात, आधी स्वतःपासून. मग प्रिय माणूस, मग तटस्थ माणूस आणि शेवटी वैरी. मी सुखी असावे असे मलाच मनापासून वाटत नसेल, तर इतरांच्या सुखाची माझी इच्छा वरवरची राहते. ही पायरी ओलांडून थेट समाजाच्या कल्याणाला लागणारा कार्यकर्ता लवकर थकतो, चिडतो आणि आपल्याच साथीदारांवर आग पाखडतो. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

दुसरी गोष्ट कुक्कुच्चाची. चित्ताला झाकून टाकणारी पाच नीवरणे धम्मात सांगितली आहेत. त्यांतले एक म्हणजे उद्धच्च-कुक्कुच्च. कुक्कुच्च म्हणजे केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींबद्दल मनाला लागलेली टोचणी, पश्चात्तापाची न संपणारी कुरकुर. अनेकांना वाटते की स्वतःला बोल लावत राहणे हा चांगुलपणा आहे. धम्म त्याला अडथळ्यात मोजतो. मग चूक झाली तर काहीच वाटू नये का? तसे नाही. त्यासाठी हिरी आणि ओत्तप्प आहेत, म्हणजे वाईट करण्याची लाज आणि त्याच्या परिणामाचे भय. हिरी पुढचे पाऊल सुधारते. कुक्कुच्च मागच्याच पावलावर माणसाला खिळवून ठेवते. बाळाबाईंबद्दल वर जे म्हटले ते इथे जुळते. गेलेली वर्षे परत आणता येत नव्हती, पण संसार पुन्हा उभा करता येत होता, आणि तो त्यांनी केला.

हार्वर्डमध्ये त्यांच्या वाट्याला कटू प्रसंगही आला. विसुद्धिमग्गाचे काम आधी हेन्री क्लार्क वॉरन यांनी सुरू केले होते आणि ते १८९९ मध्येच वारले होते. पुस्तकावर नाव कोणाचे कसे छापायचे यावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी कोसंबींचा वाद झाला. १९१२ मध्ये ते काम सोडून मायदेशी परतले. स्वतःचा स्वीकार म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. आपल्या श्रमाचे मोल आपल्याला ठाऊक असले पाहिजे. पण त्या अपमानाला कवटाळूनही ते बसले नाहीत. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात सहा वर्षे त्यांनी पाली शिकवली, विद्यार्थ्यांची एक पिढी घडवली आणि १९१८ मध्ये पुन्हा हार्वर्डला जाऊन काम हाती घेतले. १९४० मध्ये त्यांनी स्वतः संपादित केलेला विसुद्धिमग्ग मुंबईत देवनागरीत प्रसिद्ध झाला. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर.

दरम्यान १९२४ मध्ये त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र आले. आपला अशक्तपणा, फसलेले बेत, मनाची घालमेल, हे सारे त्यांनी साध्या मराठीत लिहिले. त्यात स्वतःची बढाई नाही आणि स्वतःला चाबकाचे फटके मारणेही नाही. एखाद्या जुन्या मित्राबद्दल लिहावे तसे ते स्वतःबद्दल लिहितात. आत्मस्वीकार कसा दिसतो हे पाहायचे असेल तर हे पुस्तक वाचावे.

पुढे ते मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, आणि १९३७ मध्ये मुंबईत परळला कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे म्हातारा, रोगी आणि प्रेत यांची गोष्ट नसून शाक्य-कोलियांचा संघर्ष होता, असे त्यांनी मांडले. बाबासाहेबांनीही आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणीच्या पाण्यावरून झालेला तंटाच पुढे आणला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे कोसंबींचे निधन झाले.

मित्रांनो, कोसंबी आणि आपण यांत एक मोठा फरक आहे. त्यांना मंद म्हणणारी त्यांची आजूबाजूची माणसे होती. आपल्याला कमी लेखणारी मात्र हजारो वर्षांची जातीव्यवस्था आहे. त्यामुळे तू लायक नाहीस असे सांगणारा मनातला आवाज पुष्कळदा आपला नसतोच. तो आपल्यात पेरलेला असतो. बाहेरच्या अपमानाविरुद्ध लढणाऱ्याने तोच अपमान रात्री स्वतःच्या तोंडाने स्वतःला ऐकवावा, यापेक्षा मोठा विजय त्या व्यवस्थेला कोणता हवा?

१९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. त्या सर्वांत आपण स्वतःही येतो. आज रात्री दिवसाचा हिशेब मांडाल तेव्हा चूक झाली असेल तर ती चूक म्हणूनच लिहा, उद्या काय करायचे ते खाली लिहा आणि वही मिटा. पाच मिनिटे शांत बसा आणि मेत्ता स्वतःपासून सुरू करा. साखवाळच्या त्या मुलानेही सुरुवात होता तिथूनच केली होती.

नमो बुद्धाय! जय भीम!