बेला बारेन्यी

बेला बारेन्यी (१ मार्च १९०७, हिर्टेनबर्ग, ऑस्ट्रिया-हंगेरी – ३० मे १९९७, ब्योब्लिंगेन, जर्मनी) हे ऑस्ट्रियात जन्मलेले मोटार अभियंते व संशोधक होते. मोटारगाड्यांच्या निष्क्रिय सुरक्षेचे, म्हणजेच अपघात टळला नाही तरी प्रवासी वाचावेत यासाठी केलेल्या रचनेचे, ते जनक मानले जातात. प्रवाशांभोवती न चेपणारा भक्कम कक्ष आणि त्याच्या पुढेमागे हेतुपुरस्सर चुरगळणारे भाग, ही आज सर्वमान्य झालेली रचना त्यांनी मांडली. १९३९ ते १९७२ या काळातील बहुतांश कारकीर्द त्यांनी डाइमलर-बेंझ या कंपनीत व्यतीत केली. त्यांच्या नावावर सुमारे २,५०० पेटंटे नोंदली गेली.

जन्म आणि बालपण

बारेन्यी यांचा जन्म व्हिएन्नाजवळील हिर्टेनबर्ग या गावी झाला. त्यांचे वडील लष्करी अधिकारी होते आणि प्रेसबुर्ग (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथील लष्करी अकादमीत अध्यापन करीत. आईचे घराणे ऑस्ट्रियातील धनाढ्य उद्योजक घराण्यांपैकी होते. मोटारगाडी ही अत्यंत दुर्मीळ वस्तू असण्याच्या त्या काळात या कुटुंबाकडे ऑस्ट्रो-डाइमलर बनावटीची गाडी होती, त्यामुळे बालवयातच त्यांना यंत्रांची गोडी लागली.

पहिल्या महायुद्धात वडिलांचा मृत्यू झाला. युद्धानंतरच्या आर्थिक पडझडीत कुटुंबाची संपत्तीही गेली. शुल्क भरणे अशक्य झाल्याने बेला यांना खासगी शाळा सोडावी लागली. परिस्थिती काहीशी सावरल्यावर १९२४ मध्ये त्यांनी व्हिएन्नातील तंत्रशिक्षण संस्थेत यंत्र अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला व १९२६ मध्ये शिक्षण पूर्ण केले.

लोकांच्या गाडीचा आराखडा

विद्यार्थिदशेतच, १९२५ मध्ये, बारेन्यी यांनी सर्वसामान्यांना परवडेल अशा भविष्यकालीन गाडीचा आराखडा तयार केला. तिचे इंजिन मागील बाजूस, हवेने थंड होणारे आणि समोरासमोर सिलिंडर असलेल्या बॉक्सर प्रकारचे होते. सांगाड्याचा कणा म्हणून मधोमध एक नळी होती. पुढे १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेल्या फोक्सवागन बीटल या गाडीत या आराखड्याशी मिळतीजुळती वैशिष्ट्ये होती. मात्र तरुण बारेन्यींच्या कल्पनांना पेटंटचे पुरेसे संरक्षण नव्हते. त्यांनी नंतर न्यायालयात दाद मागितली आणि १९५० च्या दशकात या मूलभूत संकल्पनेतील त्यांचे वैचारिक जनकत्व मान्य झाले. अशा प्रकारच्या गाडीवर त्या काळी हान्स लेडविंका, योसेफ गान्झ आदी अभियंतेही काम करीत होते. त्यामुळे बीटलचे श्रेय कोणा एकाचे मानावे का, याविषयी इतिहासकारांत चर्चा होत राहिली आहे.

सुरुवातीची कारकीर्द

शिक्षणानंतर बारेन्यी यांनी ऑस्ट्रो-फियाट, स्टायर आणि आडलर या कंपन्यांत काम केले. जागतिक मंदीमुळे नोकरीत स्थैर्य नव्हते. १९३४ पासून ते बर्लिनमधील तंत्रविकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेत होते. तेथील काही वर्षांतच त्यांनी दीडशेहून अधिक पेटंटे मिळवली. कल्पना सुचताच ती कायदेशीर भाषेत नोंदवून ठेवण्याची त्यांची पुढील आयुष्यातील सवय याच काळात पक्की झाली.

डाइमलर-बेंझमध्ये प्रवेश

डाइमलर-बेंझकडे त्यांनी केलेला पहिला अर्ज नाकारण्यात आला. १९३९ मधील दुसऱ्या प्रयत्नात त्यांची भेट संचालक मंडळाचे सदस्य विल्हेल्म हास्पेल यांच्याशी झाली. कंपनीच्या तत्कालीन गाड्यांबद्दल मत विचारले असता बारेन्यी यांनी आस, स्टीअरिंग आणि बांधणी यांतील त्रुटी एकेक करून दाखवल्या. अशी टीका ऐकूनही, किंबहुना तिच्यामुळेच, हास्पेल यांनी त्यांना नोकरी दिली. पंधरा-वीस वर्षे पुढचा विचार करणारा माणूस कंपनीला हवा, अशी त्यामागची भूमिका होती. ती पुढे शब्दशः खरी ठरली: बारेन्यींच्या अनेक कल्पना प्रत्यक्ष गाडीत येण्यास साधारण तेवढाच काळ लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात त्यांनी टेराक्रूझर आणि कोंकाडोरो या नावांच्या दोन गाड्यांचे अभ्यास-आराखडे केले. त्यांत गाडीचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन स्वतंत्र भाग कल्पिले होते. प्रवासी मधल्या मजबूत कक्षात बसणार आणि पुढचे-मागचे भाग धक्का सोसणार, अशी ही योजना होती. चालकाचे आसन कडेपासून दूर, मध्यभागी होते. या गाड्या बाजारात आल्या नाहीत, परंतु त्यांच्या पुढील कामाचा पाया येथेच घातला गेला.

सुरक्षा कक्षाची संकल्पना

त्या काळी गाडी जितकी कठीण तितकी सुरक्षित, असा सार्वत्रिक समज होता. जाड पोलादी सांगाड्याची गाडी भिंतीवर आदळूनही फारशी वाकली नाही, तर ते तिच्या गुणवत्तेचे लक्षण मानले जाई. मात्र अशा अपघातांत गाडी शाबूत राही आणि आतील माणसे दगावत.

याचे कारण साध्या गणिताने समजते. ताशी ५० किमी वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाने जाणारी गाडी अवघ्या १० सेंमी अंतरात थांबली, तर सरासरी ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ९८ पट होते. तीच गाडी पुढचा भाग चेपला जाऊन ५० सेंमी अंतरात थांबली, तर ते सुमारे २० पटींवर येते. थांबण्याचे अंतर पाचपट वाढले की शरीरावरील सरासरी बल एकपंचमांश होते. पत्रा चुरगळताना गाडीची गतिज ऊर्जा खर्ची पडते आणि प्रवाशांपर्यंत पोहोचणारा आघात सौम्य होतो. मात्र गाडी सर्वत्र मऊ असून चालत नाही. प्रवासी बसतात ती जागाच आक्रसली, तर ऊर्जा शोषली जाऊनही माणूस चिरडला जातो.

बारेन्यी यांचे वैशिष्ट्य हे, की त्यांनी या दोन परस्परविरोधी गरजा एकाच गाडीत वाटून दिल्या. २३ जानेवारी १९५१ रोजी दाखल केलेल्या आणि १९५२ मध्ये मंजूर झालेल्या ८५४१५७ क्रमांकाच्या जर्मन पेटंटात त्यांनी अशी गाडी वर्णिली, की जिची मजबुती मध्यभागी सर्वाधिक असून दोन्ही टोकांकडे कमी कमी होत जाते. टोकांना जाणूनबुजून दुबळे ठेवणे हे त्या काळच्या अभियांत्रिकी दृष्टीला विसंगत वाटणारे होते.

प्रत्यक्ष गाड्यांतील उपयोग

१९५३ मध्ये आलेल्या मर्सिडीज-बेंझ १८० या गाडीत बारेन्यींच्या संशोधनावर आधारित, सांगाडा आणि तळ यांची एकसंध बांधणी वापरली गेली. सुरक्षा कक्ष आणि चुरगळणारे भाग यांचा पूर्ण अवलंब मात्र १९५९ च्या डब्ल्यू १११ मालिकेत झाला. तिच्या २२०, २२० एस आणि २२० एसई या गाड्या मागील टोकदार पंखांसारख्या आकारामुळे ओळखल्या जात. अपघातात दरवाजा उघडून प्रवासी बाहेर फेकला जाऊ नये, यासाठीचे विशेष कुलूप आणि गाडीच्या आतील कठीण कडांवर दिलेले मऊ आच्छादन हीदेखील या मालिकेची वैशिष्ट्ये होती. त्याच वर्षी व्होल्वो कंपनीत नील्स बोहलिन यांनी तीन बिंदूंचा आसनपट्टा आणला. कक्ष शाबूत राहिला तरी प्रवासी आत भिरकावला जाऊ नये, यासाठी पट्टा आवश्यक असल्याने हे दोन शोध एकमेकांना पूरक ठरले.

१० सप्टेंबर १९५९ रोजी झिंडेलफिंगेन येथे डाइमलर-बेंझने गाडी अडथळ्यावर आदळवून चाचणी घेण्यास प्रारंभ केला. अमेरिकेत जनरल मोटर्सने अशी चाचणी १९३४ मध्येच केली होती. झिंडेलफिंगेनमध्ये गाडीला वेग देण्यासाठी काही काळ गरम पाण्याच्या वाफेवर चालणारे रॉकेट वापरले जाई. एका बाजूने चढत जाणाऱ्या पिळदार उतरणीवरून गाडी सोडून ती उलटवण्याच्या चाचण्याही होत. त्यांतून छत आणि खांब यांची मजबुती पारखली जाई.

१९६३ मधील २३० एसएल या क्रीडा-गाडीच्या काढता येणाऱ्या छताचा मध्यभाग किंचित खोलगट होता. पॅगोडा नावाने प्रसिद्ध झालेले हे छत बारेन्यींच्या १९५० च्या दशकातील पेटंटावर आधारित होते. अशा आकारामुळे वजन न वाढवता छताला बळकटी येते आणि दरवाजाच्या काचा उंच ठेवता येतात. समोरून धडक बसल्यास चालकाच्या छातीत न घुसणारा त्यांचा सुरक्षित स्टीअरिंग-दांडा १९६३ मध्ये पेटंट झाला व १९७६ च्या डब्ल्यू १२३ मालिकेत वापरात आला. गाडीच्या झाकणाखाली दडणारे काचपुसणे हीदेखील त्यांचीच कल्पना होय.

१९६६ मध्ये बारेन्यी आणि हान्स शेरेनबर्ग यांनी वाहनसुरक्षेची सक्रिय आणि निष्क्रिय अशी विभागणी स्पष्ट केली. ब्रेक, पकड व हाताळणी यांसारख्या अपघात टाळणाऱ्या बाबी सक्रिय सुरक्षेत, तर अपघाताचे परिणाम कमी करणाऱ्या बाबी निष्क्रिय सुरक्षेत येतात. ही परिभाषा आजही प्रचलित आहे.

सुरक्षा कक्ष आणि रोल केज

शर्यतीच्या गाड्यांत पोलादी नळ्यांचा पिंजरा, म्हणजे रोल केज, बसवतात. गाडी उलटली तरी चालकाभोवतीची जागा टिकून राहावी, हा त्याचा हेतू बारेन्यींच्या कक्षाशी मिळताजुळता आहे. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या (एफआयए) नियमावलीतील परिशिष्ट जे, कलम २५३ नुसार नळी अखंड, थंड ओढलेल्या कार्बन पोलादाची आणि किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणबलाची असावी लागते. मुख्य कमानीसाठी ४५ मिमी व्यास व २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी व्यास व २ मिमी जाडी, हे किमान माप आहे. पाया गाडीच्या पत्र्याला जोडताना किमान ३ मिमी जाडीची व १२० चौरस सेंमी क्षेत्रफळाची बळकटीपट्टी द्यावी लागते. अन्यथा भक्कम पिंजराही पातळ पत्र्यातून आरपार घुसतो.

पिंजरा पुढील आणि मागील निलंबनाच्या आधारबिंदूंच्या पलीकडे नेता येत नाही. त्यामुळे टोकांचे चुरगळणारे भाग मोकळे राहतात आणि मध्य कठीण, टोके मऊ हे तत्त्व येथेही पाळले जाते. शर्यतीत चालकाला शिरस्त्राण व अनेक बिंदूंचा पट्टा असतो आणि डोके लागू शकेल अशा नळ्यांवर आच्छादन असते. यांवाचून रोजच्या वापराच्या गाडीत बसवलेला पिंजरा डोके आपटून जीवघेणा ठरू शकतो. म्हणून सामान्य गाडीत हे काम नळ्यांऐवजी खांब, उंबरे व छताच्या कडा यांत सामावलेल्या मजबुतीने केले जाते. बारेन्यींनी स्वीकारलेला मार्ग हाच होता.

निवृत्ती, सन्मान आणि मृत्यू

बारेन्यी १९७२ मध्ये निवृत्त झाले. १९६७ मध्ये त्यांना रुडॉल्फ डीझेल पदक देण्यात आले. १९९४ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. ३० मे १९९७ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी ब्योब्लिंगेन येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

आज जगभरातील प्रवासी गाड्या सुरक्षा कक्ष आणि चुरगळणारे भाग या रचनेवर बांधल्या जातात. भारतात १ ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रवासी गाड्यांच्या मॉडेलांना समोरील धडकेची चाचणी सक्तीची झाली. २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या ऐच्छिक मूल्यांकनात ताशी ६४ किमी वेगाने समोरील धडकेची चाचणी घेतली जाते. अशा चाचण्यांत प्रवासी कक्षाचा आकार टिकतो की ढासळतो, हे विशेषत्वाने पाहिले जाते. अपघातानंतर पुढचा भाग पूर्ण चेपलेली गाडी कमकुवत होती, असा समज अनेकदा होतो. परंतु कक्ष शाबूत असेल, तर ती गाडी बारेन्यींना अपेक्षित होते त्याप्रमाणेच वागलेली असते.