सांधा जुळवणारा संगीतकार : सी. रामचंद्र

आजकाल लग्नाची वरात डीजेवाचून निघत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या नालवाडीतही लगीनसराईत त्याचा ठेका ऐकू येतो. डीजे म्हणजे मोठमोठे स्पीकर असा आपला समज. पण हे नाव मूळचे यंत्राचे नसून माणसाचे आहे. दोन तबकड्या शेजारी फिरत ठेवायच्या, एकीची लय दुसरीशी जुळवायची, पहिले गाणे संपण्यापूर्वी दुसरे त्यात अलगद सोडायचे आणि नाचणाऱ्याचा पाय थांबू द्यायचा नाही, ही त्या माणसाची कला. निरनिराळ्या कुळांतले सूर एकत्र नांदवणे हेच तिचे मर्म असेल, तर असे यंत्र नसतानाच्या काळात एका मराठी माणसाने ते साधले होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. तो माणूस म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे आणि आपल्या नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. पुढे विख्यात झालेले वसंतराव देशपांडे हेही सप्रे गुरुजींचेच शिष्य. म्हणजे ज्यांच्या चालींवर पुढे साऱ्या देशाने ताल धरला, त्या संगीतकाराच्या शिक्षणाचा काही भाग विदर्भाच्या मातीत झाला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट होय.

चित्रपटसृष्टीत मात्र ते नट होण्यासाठी गेले. ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना नायकाची भूमिका मिळाली, पण चित्रपट चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ कामे करता करता ते संगीत विभागात पेटी वाजवू लागले. नशिबाने नायकपद काढून घेतले आणि पेटी हाती दिली; ते त्यांच्या आणि आपल्याही पथ्यावरच पडले! स्वतंत्र संगीतकार म्हणून पहिली संधी त्यांना तमिळ चित्रपटांनी दिली. परकी भाषा, परका प्रांत, पण त्यांनी ते काम निभावून नेले. पुढे १९४२ साली भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीत त्यांचा जम बसू लागला.

त्या काळी मुंबईत गोव्याचे पुष्कळ वादक होते. चर्चच्या शाळेत लहानपणीच ते पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकलेले असत. रात्री हॉटेलांत जाझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत यायचे, असा अनेकांचा क्रम. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. ट्रंपेट वाजवण्यात त्यांचा हातखंडा होता आणि ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते प्रसिद्ध होते. रामचंद्र पेटीवर सरगमीत चाल बांधत. गोव्याचे हे साथीदार ती कागदावर उतरवून ट्रंपेट, सॅक्सोफोन, गिटार यांच्या जागा ठरवत. एकाची विद्या कानात, दुसऱ्याची कागदावर. या दोन विद्यांचा सांधा जिथे जुळला, तिथे हिंदी चित्रपटगीताला नवे रूप आले.

१९४७ च्या ‘शहनाई’तील रविवारच्या भेटीचे गाणे गल्लोगल्ली पोहोचले. जाणकारांनी नाके मुरडली. संगीत बिघडवले, हा आक्षेप पुढेही त्यांची पाठ सोडीना, आणि तो सर्वस्वी निराधार होता असेही नाही. १९५० च्या ‘समाधी’तील एका गाजलेल्या गाण्याची चाल एका अमेरिकन चित्रपटातील गाण्यावरून घेतलेली होती. उसने ते उसनेच, हे मान्य केले पाहिजे. परंतु एवढ्यावरून निकाल देणे बरोबर नाही.

त्यासाठी १९५१ चा ‘अलबेला’ पाहावा. अमरावतीत जन्मलेले भगवानदादा त्याचे नायक आणि दिग्दर्शकही. त्यातील एका नृत्यगीतात बोंगो आणि ट्रंपेटची धमाल आहे. खुद्द चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतात. त्याच चित्रपटात पिलू रागाच्या छायेतली एक अंगाईही आहे. एकाच हाताने एका घरात नाच आणि पाळणा दोन्ही मांडले! दोनच वर्षांनी आलेल्या ‘अनारकली’त बागेश्री आणि भीमपलासी आहेत, तर १९५७ च्या ‘आशा’मध्ये निरर्थक शब्दांशी खेळणारे ‘ईना मीना डीका’ आहे. चितळकर या नावाने त्यांनी स्वतःही अनेक गाणी गायिली. मराठीत गदिमांच्या शब्दांना चाली देऊन त्यांनी ‘गीतगोपाल’ सादर केले. आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी चीन युद्धातील हुतात्म्यांसाठी गायिलेल्या गीताची चालही त्यांचीच.

नुसती नक्कल करणाऱ्याला एवढा पल्ला गाठता येत नाही. उसने घेणारा दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी मांडतो; मिश्रण करणाऱ्याला दोन्ही वस्तू पुरत्या ओळखाव्या लागतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. घरी वऱ्हाडी, वर्गात ग्रंथातली मराठी आणि परीक्षेत इंग्रजीचा पेपर. अशी सरमिसळ झाली की आपले काहीच शुद्ध राहिले नाही, अशी खंत माझ्यासारख्या अनेकांना वाटत असेल. रामचंद्रांचे जीवन सांगते की मिसळणे हा दोष नव्हे. आपली सरगम पक्की असली म्हणजे परक्या ट्रंपेटचे भय वाटत नाही. ती कच्ची असेल, तर मात्र ट्रंपेटच आपल्याला ओढून नेतो.

१९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस अवघ्या एका आठवड्यावर होता. शंभराहून अधिक चित्रपटांचे संगीत त्यांनी मागे ठेवले. मित्रमैत्रिणींनो, त्यातले एखादे गाणे नाचण्यासाठी नव्हे, तर कान देऊन एकदा ऐकावे. पेटी कुठे थांबते आणि ट्रंपेट कुठे सुरू होतो, याचा शोध घ्यावा. तो सांधा सहजासहजी सापडणार नाही, आणि त्यातच त्या कलावंताचे मोठेपण आहे.