कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर : नोकरीतून उद्योगाकडे

मुलगा नोकरीस लागला की आपल्या घरांतून देवापुढे पेढे ठेवले जातात. तीच नोकरी सोडण्याचा विचार त्याने बोलून दाखविला की घरातली वडीलधारी माणसे चिंतेत पडतात. ही चिंता आम्ही हसण्यावारी नेऊ इच्छीत नाही. महिन्याच्या महिन्याला हाती येणाऱ्या पगारावर किती संसार उभे आहेत, हे आम्ही सर्वच जाणतो. परंतु ज्या कामात मन रमत नाही, त्यात सारा जन्म घालविणे हीदेखील एक हानीच आहे. या दोहोंमधून वाट कशी काढावी, असा प्रश्न ज्या घरांपुढे उभा आहे, त्यांच्यासाठी कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो. त्यांचे यश सर्वश्रुत आहे. ते यश येण्यापूर्वी त्यांनी काय काय शिकून घेतले, इकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने रूढ शिक्षण घ्यावे, ही त्यांची स्वाभाविक इच्छा. पण लक्ष्मणरावांचा ओढा दोन गोष्टींकडे होता : एक चित्रकला आणि दुसरी यंत्रे. वडिलांची संमती नसताना १८८५ साली ते मुंबईस गेले आणि सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. शिक्षणाचा भार वडीलबंधू रामूअण्णा यांनी उचलला. रामूअण्णांचा हा हात पाठीशी नसता, तर पुढची कथा लिहिण्याचा योगच आला नसता.

दोन वर्षांनी एक विलक्षण अडचण पुढे आली. लक्ष्मणरावांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही, असे आढळून आले. चित्रकार होण्याची आकांक्षा धरून घर सोडलेल्या तरुणावर हा केवढा आघात! रिक्त हस्ते गावी परतणे सोपे होते, पण त्यांनी तसे केले नाही. रंग सुटले तरी रेषा हातात होती. त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचे रेखन शिकण्यास आरंभ केला. आयुष्यात नव्याने विद्यार्थी होण्याची ही त्यांची पहिली वेळ. ती शेवटची ठरली नाही.

या विद्येच्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा त्यांना मिळाली. नियमित पगार, प्रतिष्ठित संस्था, मुंबईसारखे शहर. त्या काळच्या मध्यमवर्गीय तरुणास आणखी काय हवे होते? पण शिकविण्याचे काम संपले की लक्ष्मणराव संस्थेच्या कर्मशाळेत जात. जी यंत्रे ते कागदावर काढीत, ती तेथे प्रत्यक्ष पाहत, हाताळीत आणि त्यांची चाल समजून घेत. हा वेळ पगारात धरलेला नव्हता. पण त्यांच्या पुढील आयुष्याचे भांडवल याच वेळात साठले, असे आम्हांस वाटते.

याच काळात त्यांनी व्यापाराचीही ओळख करून घेतली. सायकल हे त्या वेळी नवलाचे आणि अतिशय महागडे वाहन होते. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावी धाडीत. तेथे रामूअण्णा त्या विकीत आणि घेणाऱ्यास बसावयासही शिकवीत. किर्लोस्कर बंधूंचा उद्योग आपला आरंभ १८८८ सालापासून मोजतो. म्हणजे व्यवसायाचे बीज नोकरी असतानाच पेरले गेले होते.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली. ती न्यायाने लक्ष्मणरावांकडे यावयाची होती, परंतु एका अँग्लो-इंडियन गृहस्थाची निवड झाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास ते बेळगावी परतले. ही घटना सांगताना पुष्कळ लेखक त्यांच्या स्वाभिमानावर भर देतात, आणि ते योग्यच आहे. पण नुसत्या स्वाभिमानाने चूल पेटत नाही. मुंबईत येऊन त्यांस सुमारे एक तप झाले होते. त्या तपात हाताला आलेले कौशल्य आणि बेळगावात भावाने मांडून ठेवलेला व्यवसाय यांमुळेच तो राजीनामा आत्मघातकी ठरला नाही. अपमान हे निमित्त झाले. तयारी आधीच झालेली होती.

बेळगावात त्यांनी लहानसा कारखाना थाटला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. १९०३ साली लोखंडी नांगर आला. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर माती खोलवर फोडून उलटी पाडतो, हा त्यातील फरक. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. कर्जबाजारी कुणब्याने आपले एकुलते एक शेत परक्याच्या प्रयोगासाठी द्यावे तरी का? पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली. जो माणूस यंत्र करावयास शिकला होता, त्याला आता शेतकऱ्याचे मन जाणावयास शिकावे लागले. या दोन वर्षांत, घरी खर्च चालू आणि गिऱ्हाईक नाही अशा स्थितीत, किर्लोस्करांच्या घरातील स्त्रियांनी संसार कसा रेटला असेल, याची कल्पना आमच्या भगिनींना सांगावयास नको. अशा चरित्रांत त्यांचा उल्लेख ओझरता येतो. आम्ही तो येथे कृतज्ञतेने करीत आहो.

धंदा जम धरू लागला, तोच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे, माणसे, उभी केलेली घडी, सारेच उचलावयाचे. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. औंध हे साताऱ्याकडील लहानसे संस्थान. पण राजा स्वतः चित्रकार आणि गुणग्राहक. संस्थानच्या मुलखात कुंडल रोड या रेल्वेस्थानकाजवळ त्यांनी ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाने माजलेला, सापांनी भरलेला ओसाड माळ. तेथे १० मार्च १९१० रोजी कामास प्रारंभ झाला. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे एवढाच परिवार. तोच माळ पुढे किर्लोस्करवाडी झाला आणि स्थानकालाही तेच नाव मिळाले. त्या वेळी सभोवार सातारा जिल्हा होता. त्याचा दक्षिण भाग १९४९ साली वेगळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे सातारकर आणि सांगलीकर दोघेही लक्ष्मणरावांस आपले म्हणतात, आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे.

वाडीत माणसाची पारख त्याच्या प्रमाणपत्रावरून होत नसे. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले. मंगेशराव रेगे यांनी कचेरी आणि हिशेब सांभाळले. शंभूराव जांभेकर यंत्रांच्या कामात, के. के. कुलकर्णी व्यवस्थेत आणि रामूअण्णा वसाहतीच्या आखणीत गुंतले. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर वाडीच्या राखणीची जबाबदारी सोपविण्यात आली आणि ती त्यांनी चोख पार पाडली. वाडीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहिताना आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. अशा माणसाचे मोठेपण एका ज्ञातीच्या चौकटीत मावत नाही, हे मान्य करण्यातच आपला मोठेपणा आहे.

या वाडीच्या नांगरांशी आणखी एका थोर पुरुषाचे नाव जोडलेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील हे काही वर्षे किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठी गावोगाव हिंडत. त्या फिरतीत त्यांनी खेड्यांतील अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली तिचे केंद्र साताऱ्यास आणले. विक्रीचे काम सोडून शिक्षणास वाहून घेण्याचा त्यांचा निर्धारही एका दिवसात झालेला नव्हता. रोजच्या कामात डोळे उघडे ठेवणाऱ्यासच पुढची वाट दिसते, याचे हे दुसरे उदाहरण होय.

पुढे उद्योगाचा विस्तार झाला. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखाली ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले आणि पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने घरोघर पोहोचले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून आले आणि १९४६ साली पुण्यात तेलइंजिनांचा कारखाना उभा राहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

हे चरित्र वाचून कोणी उद्याच राजीनामा लिहावा, असे आमचे सांगणे नाही. लक्ष्मणराव ज्यांच्याविषयी बोलतात तसे सारेच यशस्वी होत नाहीत. माळावर निवडुंगच राहिला अशीही उदाहरणे असतील. परंतु आपल्या घरातील मुलगा वा मुलगी दुसरे काही शिकू पाहत असेल, तर नोकरी केव्हा सोडणार हा प्रश्न मागाहून विचारावा. संध्याकाळचा वेळ कोठे जातो, हाताला काय आले, हे आधी प्रेमाने विचारावे. उत्तर समाधानकारक असेल, तर आपण त्या घरातले रामूअण्णा व्हावे. चिंता करणारे घरात नेहमीच असतात. पाठीशी हात ठेवणारा एक जरी असला, तरी पुरे आहे.